कोपऱ्यातलं नाव

मागच्या महिन्यात लातूरला एका पुस्तकाच्या प्रकाशनाला मी अध्यक्ष होतो. ओळख करून देणाऱ्या प्राध्यापकांनी माझं ते वाक्य म्हटलं. "सरांनी फार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, मोठ्या कलावंताचं सुरुवातीचं काम नदीच्या वाळूतल्या झिऱ्यासारखं असतं, जवळ बसून वाटीनं भरून घ्यावं लागतं. नंतरचं टँकरसारखं. पाणी भरपूर, पण चव टाकीची." सभागृहात नेहमीप्रमाणे 'वा' झालं. मी नेहमीप्रमाणे मान थोडी खाली घातली. लोक तिला विनय समजतात.

ते वाक्य माझं नाही. ज्यांचं होतं ते गंगाधर सोनकांबळे त्या कार्यक्रमाच्या अकरा दिवस आधी नांदेडला वारले होते, आणि मला ते माहीत होतं.

सोनकांबळे आमच्या पाण्याच्या खात्यात ट्रेसर होते. आता ही जागाच उरलेली नाही, म्हणून सांगायला हवं. इंजिनिअर पेन्सिलीनं नकाशा काढायचे. त्याच्यावर अर्धवट आरपार दिसणारं एक गुळगुळीत कापड ताणून बसवायचं आणि तोच नकाशा काळ्या शाईनं रेघेवर रेघ गिरवायचा, हे ट्रेसरचं काम. त्या कापडावरून मग निळ्या प्रती निघायच्या. मी त्याच कचेरीत आवक-जावकचा कारकून होतो. बी.ए. होऊन नुकताच लागलेला, पिशवीत कायम एखादी कादंबरी असलेला. ते माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. मी त्यांना अहो-जाहो करायचो, ते मला अरे-तुरे, आणि प्रभाकरचं त्यांच्या तोंडी कायम 'पभाकर' व्हायचं.

ते कामाला बसले की खोलीतला पंखा बंद. कापड फडफडायला नको. नांदेडच्या मे महिन्यातसुद्धा बंद. शर्ट खिळ्याला, अंगात बनियन, आणि घामाचा डाग पडू नये म्हणून मनगटाखाली चौकोनी घडीचा रुमाल. बाकीचे ट्रेसर वैतागायचे. "ओ सोनकांबळे, भट्टी लावलीव का?" ते उत्तर द्यायचे नाहीत, कारण त्या वेळी त्यांनी श्वास धरलेला असायचा. लांब रेघ काढायची तर आधी छातीभर श्वास घ्यायचा, धरायचा, आणि रेघ संपल्यावर सोडायचा. "रेघ श्वासावर निघती," ते म्हणायचे. "मधी सोडलास की हालती. तुला न्हाई दिसायची, पर मला दिसती." चूक झालीच तर अर्ध्या ब्लेडनं शाई खरवडून वर नखानं घासायचे, मग तिथं चूक होती हे सांगूनही कुणाला सापडायचं नाही.

प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक लहान चौकट असते. तिच्यात तीन ओळी: आखणार, ट्रेस करणार, तपासणार. दुसऱ्या ओळीत सोनकांबळे मुंगीएवढ्या अक्षरात 'गं. सो.' लिहायचे. ते लिहिताना पुन्हा श्वास धरायचे. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "हासू नको. नाव मधी नसावं, कोपऱ्यात असावं. पर असावं."

हे मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं त्यांनी. नंतर मी जे केलं ते न कळून केलं, असं म्हणायची सोय मला नाही.

त्यांच्याकडे तीन तबकड्या होत्या. इंग्रजी गाण्यांच्या. ज्याला रॉक म्हणतात त्या संगीतातला एक गायक. आज तो जगभर प्रसिद्ध आहे, त्याच्या नावाचे सदरे घालून लातूरची पोरं फिरतात. त्याच्या अगदी सुरुवातीच्या तीन तबकड्या. मी त्याचं नाव लिहीत नाही, कारण सोनकांबळे घेत नसत. ते त्याला 'आपला गडी' म्हणायचे. "नाव घेतलं की लोक नावाकडं बघतेत, गाणं ऐकत न्हाईत." पाकिटावर नाव छापलेलं होतंच. पण त्यांनी तिन्ही पाकिटांना जुन्या निळ्या नकाशांची वेष्टनं घातली होती, शाळेच्या पुस्तकांना घालतात तशी.

त्या मिळाल्या बहात्तरच्या दुष्काळात. हदगावकडच्या खेड्यांत बोअर पाडायला परदेशातून एक मोठं यंत्र आलं होतं, त्याच्यासोबत पीटर नावाचा एक तांबूस दाढीचा गोरा. किती फुटांवर माती, किती फुटांवर मुरूम, खडक कुठं लागला, त्याची नोंद करून प्रत्येक बोअरची उभी आकृती काढायला खात्यानं सोनकांबळ्यांना तिकडं धाडलं. ते मूळचे त्याच भागातले. आठ महिने ते त्या यंत्राच्या शेजारी उभे राहिले. उजवा कान तिथंच गेला. "मशीननं खाल्ला," म्हणायचे, जसं कुणी शेळी वाघानं खाल्ली म्हणावं.

दुपारी यंत्र निवायला बंद ठेवत. तेव्हा पीटर ट्रकच्या सावलीत बॅटरीवरची एक पेटी उघडून तबकडी लावायचा. सोनकांबळ्यांना इंग्रजी नकाशावरच्या शब्दांपुरतं येई. दोन महिने नुसते ऐकत राहिले. मग एके दिवशी त्यांनी पीटरला खुणेनं थांबवलं. दुसऱ्या तबकडीवरच्या एका गाण्यात गिटारीची एक तार किंचित उतरलेली आहे, आणि ती तशीच ठेवलीय, असं त्यांचं म्हणणं. पीटर नाही म्हणाला. त्यानं ते गाणं पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. माणसं यंत्र चालू व्हायची वाट बघत ताटकळली. कितव्या तरी वेळी पीटर उठला, सोनकांबळ्यांच्या दोन्ही खांद्यांना धरून मोठ्यानं हसायला लागला. काम संपवून जाताना तो पेटी आणि तिन्ही तबकड्या त्यांच्या हातात देऊन गेला.

"गावात बोंब झाली," सोनकांबळे सांगायचे. "गोऱ्यानं गंगाधरला पेटी दिली. म्हातारे इचारायले, आत काय हाय? म्हणलं गाणं हाय. तर म्हणले, आन् पाणी?"

नांदेडला त्यांच्या खोलीवर रविवारी दुपारी मी ऐकायला जाऊ लागलो. नियम ठरलेले. एका दिवशी तबकडीची एकच बाजू. ऐकताना बोलायचं नाही, पान चाळायचं नाही. डावा कान पेटीकडे करून ते भिंतीला टेकून बसत. कलावतीवहिनी आतून विचारत, "तुमचा गोरा आज जेवून जाणार हाय का?" आणि बाजू संपली की त्याच चहा आणत.

सुरुवातीला मला काहीही कळलं नाही. शब्द मला त्यांच्यापेक्षा जास्त समजत होते, आणि मी त्या शब्दांचाच अर्थ लावत बसायचो. ते म्हणाले, "बोल सोड. मला बोल कळत न्हाईत, म्हणून तर बाकीचं कळायलंय." मग त्यांनी मला त्यांच्या आकृत्या दाखवल्या. प्रत्येक गाण्याची, बोअरच्या आकृतीसारखी उभी पट्टी: वर माती म्हणजे आवाज, मध्ये मुरूम म्हणजे गिटार, तळाला खडक म्हणजे तो एकच ढोल. "पहिल्या रेकॉर्डीला तीनच थर हायेत बग. एका खोलीत बसून केलंय समदं. खुर्ची वाजती, ती पर ठिवली. आन् हितं, ह्या वळणाच्या आधी, गड्यानं श्वास धरलाय." मी ऐकलं. मला काही ऐकू आलं नाही. पुढच्या रविवारी आलं. एक बारीकशी पोकळी, ओळ सुरू व्हायच्या आधीची. जन्मभर श्वास धरून रेघा काढणारा माणूसच ती पहिल्यांदा ऐकू शकला असता.

सुई नेमकी कुठं ठेवायची यासाठी त्यांनी पुठ्ठ्याची एक पट्टी केली होती. मधल्या दांड्यापासून अंतरं मोजून तिच्यावर रेघा आणि आकडे. पट्टी तबकडीवर अधांतरी धरायची आणि रेघेसमोर सुई सोडायची. कधी चुकायची नाही.

लोकांना हे चमत्कारिक वाटे. आमचे हेडक्लार्क एकदा म्हणाले, "सोनकांबळे, तुमच्यात तर गळे फार चांगले असतात. जयंतीला गाता की नाही? ते सोडून हे काय इंग्रजी धरलंय?" सोनकांबळे शांतपणे म्हणाले, "जयंतीला ढोलकी वाजवतो की साहेब. या ऐकायला. पर मी काय ऐकायचं ते मला ठरवू द्या." त्यांच्या गल्लीतही चेष्टा होतीच. "गंगाधरदादा, हे इंग्रजी भजन कवा संपायचं?" तिथं ते हसून सांगत, "दोन कान आस्ते तर दोन्ही ऐकलं आस्तं बाबा. एकच ऱ्हायलाय."

त्या गायकाच्या पुढच्या तबकड्या त्यांनी हैदराबादच्या एका दुकानात उभं राहून ऐकल्या होत्या. विकत घेतल्या नाहीत. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, "तू झिरा उकरलास का कधी?"

"नाही. शिरूर अनंतपाळला आमच्या घरी आड होता."

"हां," ते म्हणाले. मग सांगायला लागले. गावच्या विहिरीवर त्यांची आई लांब उभी राहायची. कुणी वरून ओतेल तेव्हा घागर भरायची, आणि ओतणारी बाई खुशीत असली तर. म्हणून आई कोरड्या नदीत जायची. वाळूत हातानं खड्डा करायचा, तो झिरा. पहिलं गढूळ पाणी उपसून फेकायचं आणि बसायचं. पाणी खालून आपल्या चालीनं येतं. मग वाटीनं घ्यायचं, वाटी बुडवायची नाही, टेकवायची. "माय म्हणायची, गडबड केलास तर गढूळ मिळंल. घागर भरायला दीड घंटा लागायचा. पर त्या पाण्याची चव..." त्यांनी तबकड्यांकडे बोट केलं. "आपल्या गड्याच्या ह्या तीन रेकॉर्डी झिऱ्याच्या हायेत. बसून भराव्या लागतेत. मंग तो मोठा झाला, तीस वाजवणारे आले, समदं आलं. टँकर आल्यावानी. पाणी लई. पर चव टाकीची."

हेच ते वाक्य. उंबऱ्याशी वहिनी तांदूळ निवडत होत्या, त्यांनीही ते ऐकलं.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती. मी माझ्या भागात जायचं म्हणून अर्ज दिला आणि सोनकांबळ्यांनाही गळ घातली. ते आले. गावभर नव्या पाट्या रंगवणं चाललं होतं, जिथं तिथं 'जिल्हा' हा शब्द ओला. आमच्या खात्यानं नव्या जिल्ह्याचा मोठा नकाशा करायचा ठरवला, आणि तो ट्रेस करायचं काम त्यांच्याकडे आलं. तीन आठवडे लागले. हद्दीची तुटक रेघ त्यांनी एकदाही ब्लेड न लावता पुरी केली. नकाशा चौकटीत बसवून मोठ्या पाहुण्यांच्या हातात द्यायचा होता, तर वरच्या साहेबांनी फर्मावलं, कोपऱ्यातली चौकट काढा, शोभत नाही. सोनकांबळ्यांनी चौकट खरवडून काढली. दोन दिवसांनी मला बोलावून भिंग हातात दिलं. "मांजरा बग. वळणाच्या खाली." नदीकाठच्या बारीक रेघांमध्ये, कुणाच्या बापाला दिसणार नाही असं, 'गं. सो.' होतं.

"कोपरा न्हाई म्हणले," ते म्हणाले, "मंग नदीत घातलं." मी त्यांना इतकं खुशीत क्वचितच पाहिलं.

मी तेव्हा तिथल्या वाचनालयाचा चिटणीस झालो होतो. नवा जिल्हा झाल्याच्या निमित्तानं आम्ही रविवारची व्याख्यानं ठरवली, आणि त्यांतलं एक सोनकांबळ्यांचं व्हावं ही कल्पना माझीच. तीन तबकड्या, त्यांतले निवडक तुकडे, मध्ये मध्ये त्यांनी बोलायचं. अध्यक्ष वकीलसाहेब होते. त्यांना नवलाई आवडली, "करा, करा," म्हणाले. मी फळ्यावर खडूनं लिहिलं: 'तीन तबकड्या. श्री. गंगाधर सोनकांबळे.' कचेरीतून घरी जाताना वाचनालय त्यांच्या वाटेवर नव्हतं. तरी त्या आठवड्यात ते तीनदा तिकडून गेले. एकदा वहिनींना घेऊन. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून दोघांनी फळा वाचला आणि निघून गेले. मी आतून पाहत होतो.

त्यांनी दोन महिने खपून भाषण लिहिलं होतं. जुन्या ट्रेसिंगच्या कागदांच्या मागच्या बाजूला, उभट, सारख्या अक्षरात. ते माझ्याकडे आणून म्हणाले, "शुद्धलेखन तेवढं बग." मी शुद्धलेखन पाहिलं, आणि मग हात थांबला नाही. 'लई'चं 'फार' केलं, 'पर'चं 'परंतु'. झिराऐवजी झरा लिहिला. तेवढं मात्र त्यांनी परत बदलायला लावलं. "झरा आपला आपण येतो. झिरा उकरावा लागतो." बाकी बदलांना ते हूं म्हणाले. ती सगळी पानं मी माझ्या अक्षरात पक्की लिहून काढली.

रविवारी सकाळी वकीलसाहेबांनी मला घरी बोलावलं. औरंगाबादचे एक विद्वान पाहुणे अचानक येणार होते. "असं बघा," ते म्हणाले, "सोनकांबळे गुणी आहेत, वाद नाही. पण बोलायला उभे राहिले की न्हाई, हाव, सुरू होणार. आपला नवा जिल्हा, पहिलीच ओळख. तुम्ही वाचा. ते तबकड्या लावतील. दोघांचं मिळून होईल."

ह्या ठिकाणी मी काय म्हणालो ते मला लिहायलाच हवं. मी नाही म्हणालो नाही. विचार करून सांगतो असंही म्हणालो नाही. मी म्हणालो, "हो, ते अधिक बरं होईल." मला बरं वाटलं होतं. विद्वान पाहुण्यांसमोर उभं राहायला मिळणार म्हणून छातीत काहीतरी उघडल्यासारखं झालं होतं. ते इतक्या वर्षांनीही मला जसंच्या तसं आठवतं.

तिथून मी सोनकांबळ्यांकडे गेलो. वहिनी नव्या शर्टाला इस्त्री करत होत्या, तांब्यात निखारे घालून. मी सांगितलं.

त्यांनी शर्टाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सुई कोण लावणार? दुसऱ्याला जमायची न्हाई."

"तुम्हीच. आणि शेवटी मी तुमचं नाव सांगणार. सगळं तुमचं आहे म्हणून सांगणार."

"सांगशील नव्हं?"

"सांगतो म्हटलं ना."

"मंग चालतंय," ते म्हणाले. "गाणं तर ऐकतील लोक."

पाच वाजता दालन भरलं. टेबलाच्या एका बाजूला मी उभा, दुसऱ्या बाजूला नव्या शर्टात सोनकांबळे, पेटीपुढे बसलेले, हातात पुठ्ठ्याची पट्टी. मी परिच्छेद वाचायचो, थांबायचो, आणि मी थांबताक्षणी सुई नेमक्या जागी उतरायची. एकदाही चुकली नाही. माझ्या आवाजाचं वाक्य कुठं संपणार हे त्यांना पाठ होतं, कारण ते वाक्य त्यांचं होतं. ती तार लोकांनी ऐकली. तो धरलेला श्वास ऐकला. लातूरच्या अडत दुकानदारांनी, मास्तरांनी, वकिलांनी माना डोलावल्या. झिऱ्याच्या वाक्याला टाळी पडली आणि मी थांबून ती घेतली.

शेवटचं पान संपलं. आता नाव सांगायचं होतं. टाळ्या चालू होत्या. पाहुणे उठून माझ्याकडे आले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "झिऱ्याची उपमा काय सुचली हो तुम्हाला!"

मी म्हणालो, "सुचली खरी."

दोन हातांवर सोनकांबळे पेटीची वायर गुंडाळत होते. डावा कान आमच्याच बाजूला होता.

आभाराच्या भाषणात वकीलसाहेबांनी 'ध्वनियंत्रणा सांभाळल्याबद्दल' त्यांचं नाव घेतलं. लोक पांगले. कलावतीवहिनी मागच्या रांगेतून उठून माझ्याजवळ आल्या. त्या कधी कठोर बोलल्याचं मला आठवत नाही, तेव्हाही बोलल्या नाहीत. खरंच कोड्यात पडल्यासारखं त्यांनी विचारलं, "भावजी, तुमी ह्यांचंच वाचलंव नव्हं?"

"हो वहिनी," मी म्हणालो. पण बाजूला कुणी नाही हे बघून, हळू आवाजात.

सोनकांबळे पेटी खांद्यावर घेऊन आले. म्हणाले, "चांगलं वाचलंव, साहेब."

त्याआधी त्यांनी मला कधी साहेब म्हटलं नव्हतं. त्यानंतर कितीतरी वर्षं दुसरं काही म्हटलं नाही.

वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी ते भाषण मागितलं गेलं. माझ्या अक्षरातली प्रत होती, तीच दिली. खाली टीप घालू असं मनाशी म्हणत राहिलो आणि अंक छापून आला. त्यावरून मला पुढचं एक व्याख्यान मिळालं, मग वर्तमानपत्रातलं सदर, मग समित्या. संगीतातलं मला काही कळतं हा जो माझा लौकिक आहे, त्याचा तळ त्या तीस-चाळीस कागदांत आहे. सोनकांबळ्यांनी दोन वर्षांत नांदेडला बदली मागून घेतली. कचेरीत त्या दोन वर्षांत ते माझ्याशी नीट वागले, नकाशे वेळेवर दिले, चहा नाकारला नाही. फक्त रविवारी बोलावलं नाही. मीही गेलो नाही. आज बोलावतील, मग सगळं बोलून टाकू, असं म्हणत दोन वर्षं काढली. वाट बघण्यात धीर लागत नाही, तोंड चुकवता येतं.

शेवटचं भेटलो त्याला आता चार वर्षं होतील. माहूरला देवीला जाऊन येताना मी नांदेडला उतरलो आणि पत्ता विचारत त्यांच्या घरी गेलो. कलावतीवहिनी आधीच गेल्या होत्या. सुनेनं दार उघडलं. "मामंजींना आता ऐकू येत न्हाई काही," ती म्हणाली, "लिहून बोलावं लागतंय." डावा कानही गेला होता.

ते खाटेवर बसले होते. मला ओळखलं. "या साहेब," म्हणाले. शेजारी स्टुलावर तीच पेटी, निळ्या नकाशाच्या वेष्टनातली तीच पाकिटं, आणि एक दोऱ्याला बांधलेली पेन्सील. पाठकोऱ्या ट्रेसिंग कागदांची चळत उशाशी. मी काही बोलायच्या आत त्यांनी पहिली तबकडी काढली, मलमलीच्या फडक्यानं पुसली, पुठ्ठ्याची पट्टी धरली आणि सुई सोडली. मग तळहात पेटीच्या लाकडावर ठेवून डोळे मिटले.

गाणं सुरू झालं. खुर्ची वाजली. पुष्कळ वर्षांनी ऐकत होतो, आणि इतक्या वर्षांत मी ज्या संगीतावर लिहिलं त्यातलं काहीच त्याच्याजवळ जाणारं नव्हतं. त्यांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. "आता बगा. धरला." आणि त्याच क्षणी ती पोकळी आली. त्यांना आवाज नव्हता, मला होता, आणि श्वास आधी त्यांना कळला.

तेव्हा मी म्हणालो. गाणं चालू असताना, पेटीकडे बघत. म्हणालो, "सोनकांबळे, माझं चुकलं. ते सगळं तुमचं होतं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासमोर.

त्यांनी माझे ओठ हललेले पाहिले. सुई उचलली. "काय म्हणलाव?" त्यांनी एक कागद आणि पेन्सील माझ्यापुढं केली. "लिहून द्या."

सून चहा घेऊन दारात उभी होती. मी पेन्सील घेतली. तो कागद पुढंमागं कुणीही वाचेल, घरात राहील, असं मनात आलं. मी लिहिलं, 'तब्येतीला जपा.'

सोनकांबळ्यांनी कागद घेऊन वाचला. दोन शब्दांना लागायला नको इतका वेळ वाचला. मग तो गुडघ्यावर ठेवून, पेन्सिलीनं उजव्या कोपऱ्यात खाली एक लहान चौकट आखली. रेघ काढायच्या आधी छातीभर श्वास घेतला होता. चौकट पुरी झाल्यावर त्यांनी श्वास सोडला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"सही कर, पभाकर," ते म्हणाले. "ज्यानं लिवलं त्याचं नाव असावं."

मी त्या चौकटीत माझं नाव लिहिलं. त्यांनी कागद हातभर लांब धरून ते नीट बघितलं, दोन घड्या घातल्या, आणि पहिल्या तबकडीच्या पाकिटात ठेवून दिला.